बारावीनंतर आयुर्वेद : प्रवेशापूर्वीची परीक्षा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वैद्यांच्या चिकित्सालयांत दरवर्षी मे ते ऑगस्ट या काळात एक निराळा प्रश्न घेऊन माणसे येतात. नाडी दाखवायची नसते, औषधही न्यायचे नसते. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी, सोबत वडील, क्वचित मामा किंवा गावातले गुरुजी, आणि विचारणा एकच असते : ‘‘डॉक्टरसाहेब, एम.बी.बी.एस.ला नंबर लागेलसे दिसत नाही. मग बी.ए.एम.एस. घ्यावे का?’’

या प्रश्नाला आपल्यापैकी बहुतेकजण दोनपैकी एक उत्तर देतात. काहीजण म्हणतात, ‘‘घेऊन टाका, नावापुढे डॉक्टर तर लागेल.’’ काही थकलेले सहकारी म्हणतात, ‘‘आम्ही केले तेवढे पुरे झाले, तुम्ही या भानगडीत पडू नका.’’ आमच्या मते ही दोन्ही उत्तरे म्हणजे रोगपरीक्षा न करता दिलेले औषध होय. समोर बसलेले मूल कोणत्या प्रकृतीचे आहे, त्याची झेप किती, घरची स्थिती काय, पुढे ते कोठे राहणार, यांतले काहीही न विचारता आपण त्याच्या साडेपाच वर्षांचा, आणि खरे पाहता सबंध आयुष्याचा, निर्णय सांगून मोकळे होतो.

वस्तुतः या प्रश्नाचा विचार आपल्या शास्त्राने फार पूर्वी केलेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या, रोगभिषग्जितीय अध्यायाचा आरंभच मुळी ‘ज्याला वैद्य व्हावयाचे आहे त्याने काय करावे’ या विषयाने होतो. अशा बुद्धिमान मनुष्याने आधी कार्याचे गुरुलाघव, कर्माचे फल, त्याचा अनुबंध, देश आणि काल या पाच गोष्टी स्वतःच्या संदर्भात पारखाव्यात. त्यानंतर शास्त्राची परीक्षा करावी आणि मग आचार्याची, असा तेथील क्रम आहे. पुढे आचार्याने शिष्याचीही परीक्षा करावी असे सांगितले आहे. आज ‘करिअर मार्गदर्शन’ या नावाने जे चालते त्याहून हा क्रम अधिक व्यवहारी आहे. या लेखात आम्ही त्याच क्रमाने, आपल्या दोन जिल्ह्यांतील परिस्थिती समोर ठेवून, विद्यार्थ्यांना काय सांगावे याचा विचार करणार आहोत.

प्रवेशाची आजची रीत

प्रथम आजची प्रवेशप्रक्रिया थोडक्यात पाहू. आपण ज्या काळात प्रवेश घेतला त्या काळाच्या आठवणींवरून आज सल्ला देणे धोक्याचे आहे.

१९७० च्या कायद्याने अस्तित्वात आलेली केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषद आता राहिलेली नाही. २०२० च्या कायद्यानुसार तिच्या जागी भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग आला आणि जून २०२१ पासून त्याचे काम सुरू झाले. बी.ए.एम.एस.चा प्रवेश ‘नीट’ या एकाच परीक्षेतून होतो. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आवश्यक आहेत. ७२० गुणांच्या या परीक्षेत निम्मे, म्हणजे ३६० गुण, जीवशास्त्राचे आहेत. राज्यातील जागांची प्रवेशप्रक्रिया सीईटी सेल राबवते, तर अखिल भारतीय कोट्याच्या जागांसाठी केंद्रीय आयुष समुपदेशन समितीकडे वेगळी नोंदणी करावी लागते.

पात्रतेबाबत पालकांचा एक गैरसमज हमखास आढळतो. खुल्या प्रवर्गासाठी ५० पर्सेंटाइल आणि राखीव प्रवर्गांसाठी ४० पर्सेंटाइल ही मूळ अट आहे. ५० पर्सेंटाइल म्हणजे ५० टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या सर्व विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांच्या बरोबरीने किंवा त्यांच्या पुढे असणे, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे प्रश्नपत्रिका अवघड असेल त्या वर्षी ही रेषा खाली येते, सोपी असेल तेव्हा वर जाते. दुसरे असे की, पात्र ठरणे आणि जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पात्रतेचा कागद हाती आला की मूल ‘बी.ए.एम.एस.ला लागले’ असे समजून गावात पेढे वाटले जातात आणि पसंतीक्रम भरताना घाई होते. जातपडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास ही कागदपत्रे वेळेवर हाती नसल्यामुळे हातची जागा गेल्याची उदाहरणे आपल्या प्रत्येकाच्या परिचयात असतील. तहसील कार्यालयाच्या खेपा निकालापूर्वीच आटोपून घ्याव्यात, हा सल्ला साधा असला तरी मोलाचा आहे.

कार्यगुरुलाघव : भार किती, बळ किती

साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता, असा एकूण साडेपाच वर्षांचा हा मार्ग आहे. २०२२ च्या नियमावलीनुसार प्रत्येकी अठरा महिन्यांचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात पदार्थविज्ञान, संस्कृत, क्रियाशारीर, रचनाशारीर आणि संहिता अध्ययन. दुसऱ्यात द्रव्यगुण, रसशास्त्र-भैषज्यकल्पना, रोगनिदान, अगदतंत्र, स्वस्थवृत्त. तिसऱ्यात कायचिकित्सा, पंचकर्म, शल्य, शालाक्य, प्रसूती-स्त्रीरोग, कौमारभृत्य इत्यादी विषय येतात. संहिता अध्ययन तर तिन्ही टप्प्यांत आहे.

अकरावी-बारावीची दोन वर्षे आपली मुले कऱ्हाड, सांगली, सातारा येथील शिकवणी वर्गांत चार पर्यायांतून एक उत्तर निवडण्याचा सराव करतात. प्रश्न वाचायचा, मिनिटाच्या आत खूण करायची, पुढे जायचे. हेच मूल पहिल्या वर्षी पदार्थविज्ञानाच्या वर्गात बसते तेव्हा त्याला एका सूत्रावर तासभर थांबायचे असते. शब्द सोडवायचा, टीका पाहायची, मतभेद समजून घ्यायचे. आठवीनंतर संस्कृतचे पुस्तक न उघडलेल्या मुलाला हे ओझे वाटणे स्वाभाविक आहे. आमचा अनुभव असा, की संस्कृत येत नाही म्हणून विद्यार्थी मागे पडत नाही. ते शिकायची इच्छा नसते म्हणून मागे पडतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या खेड्यातील मुलांना निम्मे शब्द आधीच ओळखीचे असतात. त्यांनी या विषयाचे भय बाळगू नये, असे आपण त्यांना आवर्जून सांगावे.

भार केवळ पुस्तकांचा नाही. शवविच्छेदन आहे, रात्रपाळी आहे, बस्ती-वमनासारखी कर्मे स्वतःच्या हाताने करावयाची आहेत. ज्याला आजारी माणसाच्या अंगाचा, मलमूत्राचा, वेदनेचा तिटकारा आहे, त्याने कोणत्याही शाखेचा वैद्य होऊ नये. हे आधी कळावे म्हणून एक उपाय लेखाच्या शेवटी सुचविला आहे.

कर्मफल : पदवीनंतर हाती काय

येथे आपण खरे बोलले पाहिजे. संघटनेच्या व्यासपीठावर आपण आयुर्वेदाच्या उज्ज्वल भवितव्याविषयी बोलतो आणि घरी आल्यावर मुलाला वेगळे सांगतो. ही दोन तोंडे बंद झाली तरच आपल्या सल्ल्याला किंमत राहील.

पदवीधराला आज पुढील वाटा आहेत. पहिली, स्वतःचे चिकित्सालय. यात पहिली चार-पाच वर्षे उत्पन्न अनिश्चित असते, आणि घरचा आधार नसलेल्या मुलाला ती काढणे जड जाते. दुसरी, शासकीय सेवा. लोकसेवा आयोगामार्फत किंवा जिल्हा पातळीवर भरली जाणारी वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे मर्यादित आहेत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील शाळा-अंगणवाडी तपासणी पथके, २०१४ पासून सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा, आणि २०१८ नंतर उपकेंद्रांवर आलेले समुदाय आरोग्य अधिकारी, या तिन्ही ठिकाणी आयुर्वेद पदवीधर मोठ्या प्रमाणावर काम करीत आहेत. उपकेंद्रावरील पदासाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा लागतो. पाटण किंवा जत तालुक्यातील एखाद्या उपकेंद्रावर आपला विद्यार्थी रक्तदाब, मधुमेह, गरोदर माता यांची नोंद ठेवीत बसलेला दिसतो तेव्हा त्याचे मोल कमी लेखू नये. मात्र ही कामे प्रायः कंत्राटी आहेत, नियमित सेवेची नाहीत, हे पालकांना आधीच सांगितले पाहिजे. ‘सरकारी नोकरी लागली’ एवढे ऐकून लग्नाची बोलणी ठरतात, म्हणून हा खुलासा अधिकच आवश्यक ठरतो.

तिसरी वाट पदव्युत्तर शिक्षणाची. एम.डी. किंवा एम.एस. आयुर्वेद हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असून २०१७ पासून त्यासाठी अखिल भारतीय प्रवेश परीक्षा होते. अध्यापन, संशोधन व विशेष चिकित्सा यांचे दार येथूनच उघडते. चौथी वाट औषधनिर्माण, गुणवत्ता नियंत्रण, वनौषधी लागवड व संग्रह यांची आहे. हिच्याकडे आपल्या भागातील मुले फार कमी वळतात; त्याविषयी पुढे लिहिले आहे.

अनुबंध : मागे लागून येणारे

अनुबंध म्हणजे कर्म संपल्यावरही जे मागे लागून येते ते. व्यवसायनिवडीत याचा विचार सर्वांत कमी होतो आणि पश्चात्तापाचे मूळ बहुधा येथेच सापडते.

पहिला अनुबंध ओळखीचा. ज्याला मनापासून आधुनिक वैद्यकच करायचे होते आणि गुण कमी पडले म्हणून जो इकडे आला, तो साडेपाच वर्षे संहितेकडे पाठ करून बसतो. पुढे रुग्णालयात सहायक म्हणून राहतो, किंवा गावात जाऊन आधुनिक औषधांवरच व्यवसाय करतो. महाराष्ट्रात नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांच्या आधुनिक औषधवापराविषयी १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्याखाली आणि शासनाच्या अधिसूचनांतून तरतुदी झालेल्या आहेत. १९९८ च्या मुख्तियार चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार ज्या त्या राज्याच्या मान्यतेवर अवलंबून असल्याचे स्पष्ट केले. नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ५८ शस्त्रकर्मांची यादी अधिसूचित झाली, तेव्हा देशभर केवढा वाद झाला हे आपण पाहिले. अर्थ असा, की हा अधिकार कायद्याच्या चौकटीत आहे, राज्याच्या सीमेवर बदलतो आणि त्यावर वाद चालूच राहणार आहे. सांगली-मिरजेहून कागवाड, अथणी, चिक्कोडी हाकेच्या अंतरावर आहेत. तिकडे जाऊन बसणाऱ्या नवपदवीधराने कर्नाटकातील नोंदणी व नियम वेगळे आहेत हे विसरू नये. ज्याचा सगळा व्यवसाय अशा परवानगीवर उभा राहील, त्याच्या मनात कायमचे दुय्यमपण राहते. ज्याला आपल्या शास्त्राने रुग्ण बरा करता येतो, त्याला हा प्रश्न तेवढा छळत नाही.

दुसरा अनुबंध कर्जाचा. संस्थास्तरीय कोट्यातील जागेसाठी जमीन गहाण टाकणारे पालक आपण पाहतो. पदवीनंतर अनिश्चित उत्पन्नाची चार-पाच वर्षे आहेत, हे एकदा मान्य केले की कर्ज किती पेलेल याचा हिशेब आपोआप होतो. खासगी महाविद्यालयांची शुल्के शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ठरलेले शुल्क पाहूनच पुढे जावे आणि पावतीविना एक रुपयाही देऊ नये. केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांना शिष्यवृत्त्यांचा लाभ मिळू शकतो. जुलै २०२४ मधील शासननिर्णयाने ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. संस्थास्तरीय कोट्यातील प्रवेश मात्र त्यातून वगळलेले आहेत. माण-खटाव, आटपाडीकडील अनेक पालकांपर्यंत ही माहिती पोहोचलेली नसते. ती देणे हे औषध देण्याइतकेच पुण्याचे काम आहे.

तिसरा अनुबंध परीक्षांचा. २०२० च्या कायद्यात पदवीनंतर व्यवसायाच्या परवान्यासाठी ‘नॅशनल एक्झिट टेस्ट’ची तरतूद आहे. तेव्हा एकदा प्रवेश मिळाला की कसेही करून उत्तीर्ण होऊ, ही वृत्ती पुढे उपयोगी पडणारी नाही.

देश : आनूप, जांगल, साधारण

देशाचा विचार केल्याशिवाय आपण औषध योजत नाही. व्यवसाय योजतानाही तो करावा. आपल्या दोन जिल्ह्यांत आयुर्वेदाने वर्णिलेले तिन्ही देश एका दिवसाच्या प्रवासात भेटतात. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा हा डोंगराळ, अतिवृष्टीचा, आनूप लक्षणांचा पट्टा. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ हा अवर्षणाचा जांगल प्रदेश. मधली कृष्णाकाठची ऊस-हळदीची भूमी, वाई-कऱ्हाडपासून सांगली-मिरजेपर्यंतची, साधारण देशाच्या जवळची.

वैद्यकसेवेची वाटणी मात्र अशी सारखी झालेली नाही. विल्यम वॉनलेस यांच्या रुग्णालयामुळे मिरज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच वैद्यकाचे गाव झाले. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, पुढे कऱ्हाड व सांगली येथे खासगी वैद्यकीय महाविद्यालये निघाली, आणि २०२१-२२ पासून साताऱ्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नदीकाठच्या शहरांत आज रुग्णालयांची दाटी आहे. तेथे नवा पदवीधर सामान्य चिकित्सक म्हणून पाटी लावील तर त्याला जम बसवायला वेळ लागणारच. तेथे पंचकर्म, गुदरोग, स्त्रीरोग, त्वचारोग अशा एखाद्या विषयात हात बसलेला असावा लागतो. उलट पूर्वेकडील आणि डोंगरातील गावांत आजही जवळचा वैद्य ही खरी गरज आहे. ज्या मुलाला आपल्या गावात राहायचे आहे, त्याच्यासाठी ही पदवी उत्तम आहे. ज्याला पुण्या-मुंबईकडेच जायचे आहे, त्याने तेथील स्पर्धा व जागेचा खर्च आधी पाहून यावा. विटा-आटपाडीकडील कितीतरी कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली आहेत. त्यांच्या मुलांनी तर ‘आपण कोणत्या राज्यात व्यवसाय करणार’ हे प्रवेशापूर्वीच ठरवावे, कारण नोंदणीचा प्रश्न तेथे येतो.

द्रव्यांच्या दृष्टीनेही हा देश संपन्न आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कास पठार आणि कोयनेचे जंगल २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या पश्चिम घाटाचे भाग आहेत. याच डोंगरात हिरडा आहे, आणि ‘नरक्या’ही आहे. आधुनिक औषधनिर्मितीत कर्करोगावरील द्रव्यासाठी मागणी आल्यावर त्याची बेसुमार तोड झाली. द्रव्य ओळखणारा, त्याची शुद्धता तपासणारा, लागवड जाणणारा पदवीधर या भागाला हवा आहे. घरी हळदीचे वावर असलेल्या मुलीने द्रव्यगुणात पुढे शिकावे, असे तिला कोणी सुचवतही नाही. ते आपण सुचवावे.

काल : वय आणि थांबणे

अठराव्या वर्षी प्रवेश घेतला तर साधारण चोविसाव्या वर्षी पदवी व आंतरवासिता पूर्ण होते. पदव्युत्तर शिक्षण धरले तर सत्तावीस-अठ्ठावीस. ‘नीट’साठी दोन-तीन वर्षे थांबलेल्याचे हेच गणित तिशीवर जाते. आम्ही एवढेच म्हणतो, की पहिल्या प्रयत्नात अपयशाचे कारण स्पष्ट दिसत असेल, जसे आजारपण, घरातील अडचण, भौतिकशास्त्राचा राहून गेलेला पाया, तर एक वर्ष पुन्हा द्यावे. कारण न शोधता पुन्हा पुन्हा तीच परीक्षा देणे म्हणजे निदान न बदलता औषधाची मात्रा वाढवणे. दोन-तीन वर्षे खोलीत कोंडून घेतलेली, झोप हरवलेली, पित्त वाढलेली, चारचौघांत जायला कचरणारी मुले अलीकडे आपल्याकडे रुग्ण म्हणूनच येतात. त्यांना आधी ‘तू नापास माणूस नाहीस’ हे सांगावे लागते, त्रिफळा नंतर.

मुलींच्या बाबतीत काल आणखी एका अंगाने आडवा येतो. आंतरवासितेच्या वर्षातच स्थळे पाहणे सुरू होते आणि पदव्युत्तर प्रवेश राहून जातो. मुलगी हुशार होती, लग्नानंतर व्यवसाय केलाच नाही, अशी उदाहरणे आमच्या पिढीत कमी नाहीत. प्रवेशाच्या वेळीच पालकांशी हे बोलून ठेवावे : शिक्षण साडेपाच वर्षांचे आहे, त्यानंतर तिला स्वतःच्या पायावर उभी राहण्यास किमान तीन वर्षे मिळतील ना? उत्तर ‘नाही’ असेल तर तिने एवढे कष्ट कशासाठी घ्यावेत, हेही विचारावे.

शास्त्रपरीक्षा व आचार्यपरीक्षा

शास्त्राची परीक्षा बारावीच्या मुलाने कशी करावी, असे कोणी विचारील. त्याने संहिता वाचावी अशी अपेक्षा नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची पुस्तके आठ दिवस घरी न्यावीत, चार पाने वाचावीत, आणि कुतूहल वाढते की कंटाळा येतो हे प्रामाणिकपणे पाहावे. दोष-धातू-मल या कल्पना त्याच्या जीवशास्त्राच्या पुस्तकाहून वेगळ्या चौकटीतील आहेत. ही वेगळी चौकट समजून घेण्याची तयारी आहे का, हा खरा प्रश्न. जीवशास्त्र विसरण्याची मात्र आवश्यकता नाही. आजच्या वैद्याला दोन्ही यावे लागते. साताऱ्यातील जुन्या विद्यालयाचे ‘आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय’ हे नावच दोन्ही विद्या शेजारी बसवते. ते नाव ठेवणाऱ्यांना पडलेला प्रश्न आजही विद्यार्थ्यापुढे तसाच आहे.

आचार्याचे गुण सांगताना चरकाने परिदृष्टकर्मा, जितहस्त, उपकरणवान अशी विशेषणे योजली आहेत. आजच्या भाषेत अर्थ असा : शिकवणारे स्वतः रुग्ण पाहतात का, त्यांचा हात चालतो का, आणि महाविद्यालयात साधने आहेत का? साताऱ्यात आर्यांग्ल, सांगलीत वसंतदादा पाटील आयुर्वेद महाविद्यालय, वाळवे तालुक्यात लोकनेते राजारामबापू पाटील आयुर्वेद महाविद्यालय अशा संस्था आपल्या भागात आहेत. कोल्हापूर व पुणे जवळ आहेत. पसंतीक्रम केवळ घरापासूनच्या अंतरावर किंवा इमारतीवर ठरवू नये. कोणत्याही संस्थेत आगाऊ न कळवता एखाद्या साध्या दिवशी सकाळी दहा वाजता जावे. बाह्यरुग्ण विभागात रुग्ण किती, अंतर्रुग्ण खाटांवर खरोखर माणसे आहेत का, विच्छेदनगृह चालू आहे का, वनौषधी उद्यानाला पाणी मिळते का, ग्रंथालयात विद्यार्थी बसलेले आहेत का, हे पाहावे. शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांशी चहाच्या टपरीवर बोलावे. त्या वर्षाच्या प्रवेशासाठी आयोगाची परवानगी आहे का, ही खात्री तर सर्वांत आधी करावी. रुग्ण नसलेल्या रुग्णालयातून पदवी मिळते, वैद्य तयार होत नाही.

शिष्यपरीक्षा : कोणाला ‘नाही’ म्हणावे

शिष्याच्या परीक्षेत चरकाने वैद्यकुळात जन्म आणि त्या विद्येला साजेसे वर्तन हे पर्याय म्हणून सांगितले आहेत. आपल्यापैकी ज्यांची मुले बारावीत आहेत त्यांनी हे लक्षात घ्यावे. बापाचे चिकित्सालय तयार आहे एवढ्यावरून मुलाची प्रकृती वैद्याची ठरत नाही.

ज्याला जनावरांचे वेड आहे त्याच्यासाठी सातारा जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि तेथील प्रवेशही ‘नीट’च्याच गुणांवर होतो. औषधाच्या रसायनात रस असेल तर कऱ्हाडला शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. शेतीचे प्रेम असेल तर कऱ्हाडलाच कृषी महाविद्यालय आहे. गणितात बुद्धी चालत असेल तर सांगलीचे वालचंद आणि कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय दारात आहे. अशा मुलाला केवळ ‘डॉक्टर’ या शब्दासाठी इकडे ओढणे हा त्याच्यावर आणि आपल्या शास्त्रावरही अन्याय होय. दरवर्षी अनिच्छेने आलेल्यांनी वर्ग भरायचे आणि मग आयुर्वेदाला कोणी विचारत नाही म्हणून आपणच खंत करायची, हे चक्र कोठेतरी थांबले पाहिजे.

आपण काय करावे

सभासद वैद्यांनी या वर्षापासून तीन गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवितो.

पहिली, सल्ला मागायला आलेल्या मुलाला लगेच उत्तर देऊ नये. त्याला सात दिवस आपल्या बाह्यरुग्ण विभागात एका कोपऱ्यात, रुग्णांच्या संमतीने, बसू द्यावे. व्रणाचे बंधन, स्नेहन-स्वेदन, वृद्ध रुग्णाशी चाललेले कंटाळवाणे वाटणारे संभाषण, दुपारची रिकामी खुर्चीही त्याने पाहावी. सातव्या दिवशी त्यालाच विचारावे. आमच्याकडे अशी बसलेली काही मुले दुसऱ्या दिवशी आली नाहीत, आणि काही सातव्या दिवसानंतरही येत राहिली. दोघांचेही उत्तर त्यात मिळाले.

दुसरी, आपल्या पहिल्या पाच वर्षांच्या उत्पन्नाविषयी पालकांना खरे सांगावे. वाढवून सांगू नये आणि रडगाणेही गाऊ नये.

तिसरी, ज्या संस्थेत विद्यार्थी पाठवून वैद्याला काही लाभ होतो, त्या संस्थेची शिफारस करू नये. करायचीच असेल तर तो लाभ उघड सांगावा. रुग्णाला प्रयोगशाळेकडे पाठवताना जो नियम आपण पाळतो किंवा पाळायला हवा, तोच येथेही लागू आहे.

‘एम.बी.बी.एस. नाही तर बी.ए.एम.एस. घ्यावे का’ असे पुढच्या वेळी कोणी विचारले, तर आपण एवढेच म्हणावे : ‘‘एम.बी.बी.एस. मिळाले असते तरी तुला हे शिकावेसे वाटले असते का, याचा विचार कर आणि आठ दिवसांनी ये.’’ आठ दिवसांनी जे मूल ‘हो’ म्हणत येईल, त्याचे गुण कितीही असोत, त्याच्या प्रवेशासाठी आपण सर्वांनी झटावे. आणि जे ‘नाही’ म्हणेल, त्यालाही दुसरी वाट दाखवूनच पाठवावे.